मधल्याबाईंची ओढ

बर्फाच्या मैदानावर त्यांना सगळे मधल्याबाई म्हणत. एका उडीपासून दुसऱ्या उडीपर्यंत जे काही घडतं, म्हणजे हात कुठे जातात, मान कधी वळते, पाऊल बुटाखालच्या पात्याच्या कुठल्या कडेवर झुकतं, ते या बाई बसवून देत. स्केटिंगच्या स्पर्धेतल्या लोकांच्या लेखी उड्या त्या उड्या, आणि उरलेलं सगळं 'मधलं'. नव्या मुलीची आई कठड्याशी उभी राहून विचारायची, "उड्या सर शिकवतात, मग या बाई काय शिकवतात?" कुणीतरी उत्तर द्यायचं, "मधलं." झालं, नाव पडलं.

बाईंना त्याचा राग नव्हता. "घरात दोन भावांच्या मधली, बर्फावर दोन उड्यांच्या मधली," त्या म्हणायच्या. "सँडविचमधली काकडी आहे मी. नसली तर कुणाच्या लक्षात येत नाही, असली तर म्हणतात ब्रेड ओला झाला."

उड्या शिकवणारे सर म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. बाई लग्न न करता भावाकडेच राहिल्या. मागची खोली त्यांची. भिंतभर आरसा, खिडकीखाली हीटर, हीटरवर वाळत घातलेले लोकरीचे मोजे, आणि एक जुना टेपरेकॉर्डर, ज्याचं झाकण रबरबँडने बांधलेलं होतं. त्या खोलीतून दिवसभर गुणगुण ऐकू यायची. वहिनी म्हणायच्या, "वन्सं गुणगुणायच्या थांबल्या की मला वाटतं फ्रिज बंद पडला."

भावाची मुलगी विशीला टेकलेली. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण चालायला लागल्यापासून ती गरगर फिरतच होती. भिंगरीला उभं राहायला वडिलांनी शिकवलं आणि झुकायला आत्याने. लहान असताना तिच्या कार्यक्रमात उड्या थोड्या आणि मधलं भरपूर असायचं. पण उड्यांना गुण जास्त. दर हंगामात एक उडी वाढायची आणि मधलं तेवढंच कमी व्हायचं. बाई तक्रार न करता जागा करून द्यायच्या, भरल्या बाकावर सरकून बसावं तशा. असं करता करता त्यांच्या हातचं एकच काय ते शाबूत राहिलं. ती ओढ.

ओढ हे नाव बाईंनीच ठेवलेलं. सगळी वाद्यं थांबून एकटं व्हायोलिन उरायचं, तेव्हा भिंगरी एका पात्याच्या बाहेरच्या कडेवर झुकायची आणि अर्ध्या मैदानाला वळसा घालत नुसती जात राहायची. काही करायची नाही. फक्त एक हात हळूहळू वर यायचा, दूर चाललेल्या कुणाला तरी 'थांब' म्हणावं तसा, आणि उपयोग नाही हे कळल्यासारखा अर्ध्यावरच राहायचा. थांब म्हणायचं होतं ते कुणाला, हे बाईंनी कधी सांगितलं नाही. वहिनींना ठाऊक असावं. त्याही बोलल्या नाहीत.

त्या हंगामात देशाच्या संघात मुलींची एकच जागा होती. भिंगरीची कंबर तोवर इतकी दुखायला लागली होती की सकाळी मोजे आईने चढवून द्यावे लागत. पुढचा हंगाम तिला मिळणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तोंडाने कुणी म्हणत नव्हतं, एवढंच.

एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सरांनी विषय काढला.

"ओढ काढायची. तिथे चौफेरी येईल." चौफेरी म्हणजे हवेत चार फेरे घेऊन उतरायची उडी. भिंगरीला ती नुकतीच जमायला लागली होती.

"चौफेरीला धाव घ्यायला अर्धं मैदान लागतं, दादा. माझं सगळंच गेलं मग."

"शेवटाकडच्या उडीला वाढीव गुण आहेत. आणि तुझं काय त्यात? कार्यक्रम भिंगरीचा आहे."

"लोक काय फेरे मोजायला येतात रे?"

"लोक गुण देत नाहीत."

"परीक्षकांना जरा डोळे असते ना, तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!"

वहिनी सिंकपाशी फिसकन हसल्या. भिंगरीच्या नाकात पाणी गेलं. मधल्याबाईही हसल्या. खऱ्या आत्यासमोर ती म्हण टाकायची संधी भावाने सोडली असती, तर त्यांनाच चुकल्यासारखं वाटलं असतं.

हसणं ओसरल्यावर सर खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्या वेळी काय झालं, आठवतं ना? उड्या सगळ्या माझ्या. एक वाकडी नाही पडली. आणि म्हणाले, भाव कमी पडला. भाव! कुणी मोजला? कुठल्या तराजूत? जो जिंकला त्याचा मामा परीक्षकांत कुठे बसला होता, तूच दाखवलं होतंस मला. फेरे मोजता येतात गं. चार म्हणजे चार. तिथे कुणाचा मामा आडवा येत नाही."

त्या दिवशी भावाचा कोट हातात धरून कठड्याशी बाईच उभ्या होत्या.

"आत्या," भिंगरी म्हणाली, "मला जायचंय गं."

बाईंनी ताटातला शेवटचा घास संपवला. "काढा," म्हणाल्या.

निवडीच्या दोन फेऱ्या होत्या. दोन्हींचे गुण मिळून जागा ठरायची. पहिल्या फेरीला भिंगरीची बोटं गारठली होती. आत जाण्याआधी रबराच्या चटईवर उभं राहून बाई ती चोळत होत्या आणि सवयीने गुणगुणत होत्या. त्या काय गुणगुणतायत, हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

सुरुवातीच्या उड्या सरळ पडल्या. मग वाद्यं थांबली, व्हायोलिन उरलं. इथे भिंगरीने वळून उलट धाव घ्यायची होती. पण तिचा पाय बाहेरच्या कडेवर गेला. शरीर झुकलं. हात वर यायला लागला.

"अगं! चौफेरी!" सर कठड्यावर मूठ आपटत ओरडले.

प्रेक्षागृहात कागदी पेल्याची चुरचुरही थांबली. भिंगरी वळसा घालत गेली आणि तो अर्ध्यावर राहिलेला हात बघून पुढच्या रांगेतल्या एका माणसाने चष्मा काढला. मग ती भानावर आली, उरलेल्या तोकड्या जागेत धाव घेतली, आणि चौफेरीची एकफेरी झाली.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. फलकावर ती तिसरी होती.

"तू सांगितलंस तिला," सर म्हणाले.

"शप्पथ नाही, दादा."

"मग आत्ता दाराशी तिचे हात धरून काय गुणगुणत होतीस?"

व्हायोलिनचा तोच सूर. बाईंना आत्ता आठवला.

परीक्षकांपैकी एक वयस्क बाई जाता जाता मधल्याबाईंपाशी थांबल्या. "किती वर्षांनी असं काही बघितलं," त्या म्हणाल्या. "हातची उडी सोडून द्यायची म्हणजे धाडस लागतं हो. मुलीला सांगा माझं."

धाडस. मधल्याबाई तो शब्द जपून धरून कपडे बदलायच्या खोलीत आल्या. भिंगरी बाकावर बसली होती. बुटाच्या नाडीची गाठ तिला सुटत नव्हती. बाई खाली गुडघ्यांवर बसल्या आणि गाठ सोडवू लागल्या.

"भिंगरे, खरं सांग. बाबांना नाही सांगणार मी. मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम?"

"म्हणजे... तुला तिथे वाटलं काही? करावंसं वाटलं?"

"आत्या, वेडी आहेस का गं? चुकलं! पाय आपोआप गेला. मी आतून नुसती 'मेले, मेले' म्हणत होते. हात वर होता ना, तेव्हासुद्धा तेच." आणि ती रडायला लागली. "आता दुसऱ्या फेरीत परत गेला तर?"

बाईंनी गाठ सोडवली. बूट काढला, पातं फडक्याने कोरडं पुसलं. लोकांनी चष्मे काढून जे बघितलं, ते एका घाबरलेल्या मुलीचं 'मेले, मेले' होतं. आणि तरी हात बरोबर त्यांनी शिकवलेल्या जागी थांबला होता.

घरी सर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "तूच रुजवलंस, तूच उपट. मला नाही जमायचं."

'विसर' म्हणून शरीर विसरत नाही, हे बाईंना माहीत होतं. चूक त्या सुरात होती. तो ऐकला की पाय ओढीकडे जायचा. तेव्हा सूरच विटला पाहिजे. दुसऱ्या दिवशी बर्फावर त्यांनी टेप लावली आणि म्हणाल्या, "व्हायोलिन आलं की मोठ्याने भाजी सांगायची. बाजारात ओरडतात तशी."

"काय?"

"कांदे, बटाटे, काय हवं ते. ओरड आणि पळ."

पहिल्यांदा भिंगरी हसून हसून बर्फावरच बसली. मग जमलं. एकटं व्हायोलिन कळवळून वाजायचं आणि ही उलट धावत ओरडायची, "कांदे! बटाटे! टोमॅटो नासके!" कठड्यावरच्या लहान मुली खिदळायच्या. बाई टाळ्यांचा ठेका धरायच्या, "जोरात! नासके नाही, ताजे!" दिवसातून कितीदा तरी. सूर चावून चावून चोथा होईपर्यंत.

एकदा सर बराच वेळ बघत उभे होते. मग जवळ आले. "इतकं नको गं. जरा राहू दे कुठेतरी."

"अर्धवट उपटलं की परत फुटतं, दादा," बाई म्हणाल्या. "पुन्हा, भिंगरे!"

एका दुपारी भिंगरी काही न ओरडता त्या जागेवरून गेली. सरळ वळली, धावली, उडाली, उतरली. हात अंगाशी घट्ट. बाईंपाशी येऊन धापा टाकत म्हणाली, "आत्या, आता तिथे काही होतच नाही मला!"

"छान," बाई म्हणाल्या, आणि तिच्या कंबरेवर हात ठेवला. "दुखतंय?"

"चालेल गं."

त्या रात्री स्वयंपाक करताना वहिनींनी दोनदा कानोसा घेतला. मागची खोली गप्प होती. फ्रिजचं त्या काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या फेरीत व्हायोलिन आलं आणि गेलं. भिंगरी चार पूर्ण फेरे घेऊन एका पायावर अशी उतरली, की सरांनी कठड्यावरून निम्मं अंग बाहेर काढलं. लोक ओरडत होते. बाई सगळ्यांच्या आधी उभ्या राहिल्या होत्या, टाळ्यांनी तळहात लाल झाले होते, आणि त्या टाळ्या खऱ्या होत्या. जागा भिंगरीला मिळाली. सरांनी बहिणीला मिठी मारली. मग ते गुणांच्या फलकाकडे निघून गेले.

गर्दीतून वाट काढत त्या वयस्क परीक्षक बाई आल्या. "अभिनंदन हो. उडी सुरेखच." जरा घुटमळल्या. "पण ते मागच्या वेळचं... तो हात वर येतो ते? मी वाट बघत होते. कुठे गेलं?"

"चूक होती ती," मधल्याबाई म्हणाल्या. "काढली."

आणि पात्यांवर चढवायची कव्हरं घेऊन त्या दाराकडे निघाल्या. पोरगी कंबर धरून बर्फावरून येत होती.