रोवणीतली अफू

अफूबंदी झाली तेव्हा आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कोण आनंद झाला. गावच्या समितीवर होते ना. चौकात खुर्च्या मांडून सभा झाली, तिरोड्याहून आलेल्या अबकारी साहेबानं तासभर व्यसनाचे तोटे सांगितले, मामाजींनी त्याला हार घातला. ऐकायला होते चार म्हातारे, तेही पान चघळत. ज्यांच्या घरात अफू होती त्या बाया आमच्याच बांधीत, चिखलात वाकून धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, रोवत होत्या. त्यांना घटकाभर सभेला सोडायला मामाजी तयार नव्हते.

आमच्याकडे लेकुरवाळ्या बाया रोवणीला तान्ही पोरं सोबत आणत. सकाळी मोहरीएवढी अफू दुधात कालवून बोटानं चाटवायची, पोराला टोपलीत घालून धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच्या पळसाच्या सावलीत ठेवायचं. पोर झोपतं, रोवणी थांबत नाही. यात लपवाछपवी नव्हतीच. मामाजी रोज त्या टोपल्या ओलांडून जात. एखादी बाई पाजायला दोनदा वर आली, की मात्र त्यांचं तोंड सुटायचं.

बंदीनं बाजारातलं ठेक्याचं दुकान बंद झालं. लगेच रेल्वेनं येणारा एक बांगड्यावाला पेटीच्या तळाशी अफू आणू लागला. झालं, संपली बंदी. साहेबाला ते कसं दिसणार, साहेब थोडाच बांगड्या भरतो. फरक पडला तो एवढाच. ठेकेदार अफूत कात मिसळायचा, आणि बायांचं मोहरीएवढं माप त्या भेसळीवर बसलेलं होतं. बांगड्यावाल्याचा माल निर्भेळ निघाला. दुकानात निदान विचारता तरी यायचं. चोरून घेतलेल्या वस्तूबद्दल विचारायचं कुणाला?

मी एकदा मामाजींना म्हटलं होतं, "एखाद्या म्हातारीला पोरं सांभाळायला बसवा. रोवणारीइतकंच धान द्या तिला. मग अफू लागतेच कशाला?"

ते हसले. "बसून राहणारीले धान कायले द्याचं, सूनबाई?"

आणि मी गप्प बसले. माझा मुलगा घरी पाळण्यात होता, झोका द्यायला बाई होती. माझं काय अडलं होतं? आज या वयात मला मामाजींची येते तितकीच त्या गप्प बसणाऱ्या सुनेची शिसारी येते.

त्याच आठवड्यात गावाच्या टोकाला राहणारी एक पहिलटकरीण आपली चार महिन्यांची मुलगी घेऊन कामावर आली. दुपारी पाजायला वर चढली तर पोर उठेना. निरोप आला तशी मी धावत गेले. मुलीचे ओठ काळेनिळे पडले होते, श्वास थांबला होता. आई तिचे तळपाय चोळत होती आणि मला पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, "माही माय आमाले देत होती तेवढीच देल्ली, बाई. मोहरीएवढीच."

मग साहेब आला. जिवंतपणी त्या पोरीची कुणाला खबर नव्हती, मेल्यावर तिचा पंचनामा झाला. बांगड्यावाला तोवर पसार. हाती लागली ती आई, तेव्हा साहेब तिलाच धरून न्यायला निघाला. मामाजींनी शब्द टाकून तिला सोडवलं. गावानं त्यांचं कौतुक केलं. मला मात्र माहीत होतं की अर्धी रोवणी बाकी होती आणि माणसं मिळत नव्हती.

पण गावात कुजबुज व्हायला लागली तसे मामाजी नरमले. पोरं सांभाळायला कुणीतरी बसवायचं ठरलं, अर्ध्या धानावर. कुणाला बसवायचं तेही त्यांनीच सांगितलं. "तिलेच बसवा. आता तिच्यामांगं लेकरू नाही. आन् दूधबी हाय."

मी याही वेळी तोंड उघडलं नाही. ती बसली. त्या रोवणीत आमच्या बांधीत अफूचा कण आला नाही, आणि बंदी कशी यशस्वी झाली हे साहेबानं पुढच्या सभेत छाती फुगवून सांगितलं.

सात पोरं होती तिच्याजवळ. एखादं रडलं की ती त्याला पदराखाली घ्यायची. पिऊन त्याचा डोळा लागला, की लगेच हलवून हलवून जागं करायची.