उणे ऐंशीचे शेजारी

संशोधन केंद्राच्या तळघरात दोन मोठे फ्रीझर होते आणि त्यांचा सगळा कारभार मामांच्या हातात होता. मामा कुणाचे म्हणाल, तर कुणाचेच नाहीत. पण ज्यांना सख्खे मामा होते तेसुद्धा यांनाच मामा म्हणत.

वरच्या मजल्यांवर कुणाचा कुणाला पत्ता नसे. मुंग्यांवर आयुष्य वेचणाऱ्याला भिंतीपलीकडे मूत्रपिंडांवर काय चाललंय ते माहीत नसे, आणि ताऱ्यांच्या धुळीचा हिशोब मांडणारे तर जिन्यात मान हलवण्यापलीकडे ओळखही दाखवत नसत. खाली मात्र सगळ्यांचा संसार एकाच कपाटात! वटवाघळांच्या लाळेला खेटून समुद्राच्या तळाचा चिखल, त्याच्या डोक्यावर गव्हाचं बियाणं, आणि त्याच्याही वर कुणा रुग्णांचं रक्त. उणे ऐंशी अंशांत हे सगळे अगदी गुण्यागोविंदानं नांदत.

मामांना त्यातलं फार काही कळत होतं अशातला भाग नाही. पण कुणी पेटी ठेवायला आलं की ते विचारत, “यात काय शोधताय?” आणि उत्तरातलं जेवढं पदरात पडेल तेवढं रात्री जेवताना बायकोला सांगत. तिला भारी मौज वाटे.

“जगात कुणी अभ्यास करत नाही असं काही उरलंय का हो? तुमच्या घोरण्याचा तेवढा करा म्हणावं.”

“दुसऱ्या मजल्यावर चालू आहे,” मामा म्हणत. आणि ते खरंच होतं.

मग तिची मूत्रपिंडं बिघडली. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. उपचारांच्या दिवसांत तिनं संशोधनासाठी म्हणून थोडं जास्तीचं रक्त दिलं. “बघू या, माझ्यावर काय शोधतात ते,” असं हसत म्हणाली. पुढे ती गेली. तिच्या रक्ताची कुपी मात्र फिरत फिरत मामांच्याच फ्रीझरमध्ये आली. कुपीवर नाव नव्हतं, नुसता आकडा. कुठला आकडा कुणाचा हे कुणालाही कळू नये असाच नियम होता, आणि तो योग्यही होता. तेव्हापासून रक्ताच्या फळीवरच्या एकूण एक पेट्यांवरचं हिम मामा सारख्याच हळुवार हातानं पुसत. यातली एक आपली, एवढंच त्यांना माहीत होतं. मूत्रपिंडांचा अभ्यास करणाऱ्या वरच्या डॉक्टरबाईंना त्यांनी हे कधी सांगितलं नाही. काय म्हणून सांगायचं?

आणि एके दिवशी भर दुपारी डावा फ्रीझर बंद पडला. मेकॅनिकनं मागचं झाकण उघडून पाहिलं आणि मान हलवली. सुटा भाग दुसऱ्या दिवशी मिळणार होता. आजूबाजूच्या इमारतींतले फ्रीझर गच्च भरलेले. उजव्यात जेमतेम दोन फळ्या रिकाम्या होत्या. मामांनी सगळ्यांना खाली बोलावलं.

तळघराचा एक जुना शिरस्ता होता: अडचण आली की जे पुन्हा मिळणार नाही ते आधी वाचवायचं. मामांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. “पुन्हा मिळेल का?”

मुंग्यावाल्यानं आधी मुंग्यांची थोरवी गायली. मग डोकं खाजवलं. “मिळतील. मुंग्यांना काय तोटा? घरी माझ्या ओट्यावरच रांग लागलेली असते.” तशाही परिस्थितीत लोक हसले. बियाणंवाले बाजूला झाले, चिखलवालेही झाले. बर्फाचा अभ्यास करणाऱ्या बाई म्हणाल्या, “ज्या हिमनदीतून हा बर्फ काढला ती आता नाही.” कुणी वाद घातला नाही. एक फळी त्यांची झाली.

उरली एक. वटवाघळांवाली मुलगी पेटी छातीशी धरून उभी होती. “ते जंगल तुटलं, मामा. ही जात आता तिथं दिसत नाही.”

मामा डॉक्टरबाईंकडे वळले. प्रश्न विचारायला त्यांना क्षणभर वेळ लागला.

“मिळेल की,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “रुग्ण येतच असतात, दुर्दैवानं. शिवाय या रक्तातून घ्यायचं ते आम्ही घेतलंय. आमचं सोडून द्या.”

त्यांच्या बाजूनं ते अगदी खरं होतं. मामांच्या बाजूनं नव्हतं. ‘माझं नाही मिळणार’ एवढं बोलले असते तरी ती फळी त्यांची झाली असती. त्या खोलीत कुणाची छाती होती नाही म्हणायची? शब्द ओठांपर्यंत आले. समोर ती पोरगी पेटीवर हात ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“वटवाघळं ठेवा,” मामा म्हणाले. त्यांनी स्वतः उजव्या फ्रीझरचं दार उघडून तिला फळी मोकळी करून दिली.

सगळे वर गेले. रक्ताच्या पेट्या रिकाम्या करायला डॉक्टरबाई आणि मामा, दोघंच मागे राहिले. कुप्यांवरचं हिम विरघळून टेबलावर पाणी झालं होतं.

“यात माझी बायको आहे,” मामा म्हणाले. “कुठली, ते ठाऊक नाही.”

डॉक्टरबाई मटकन स्टुलावर बसल्या. “अहो मामा! मघाशी बोलला का नाहीत?”

“ते जाऊ द्या. मला एवढंच सांगा, तिच्यावरून तुम्हाला काही कळलं का?”

वेळ मारून नेण्यासाठी गोड बोलणं सोपं होतं. पण डॉक्टरबाईंना मामांशी तसं बोलवेना. “एकट्या त्यांच्यावरून नाही. पण हे सगळं रक्त एकत्र तपासलं तेव्हा एक खूण हाती लागली. हा आजार आता वर्षभर आधी ओळखता येतो. दवाखान्यात तपासणी सुरूही झालीय.”

“वर्षभर,” मामा म्हणाले. एक कुपी त्यांच्या मुठीत होती आणि ती आता गार लागत नव्हती. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. “तिला तेवढं मिळालं असतं, तर वाचली असती का हो?”

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली.

“हो, मामा,” त्या म्हणाल्या. “बहुतेक वाचल्या असत्या.”