हत्तीला हवा होता मंद बाण

माहूत अजून हत्तीच्या मानेवरच होता. सकाळी जत्रेच्या मिरवणुकीसाठी चढला तो तसाच. आता दुपार कलायला आली होती आणि त्याला उतरता येत नव्हतं. पाय जरा खाली सोडला की हत्तीची सोंड मागे वळायची. एकदा तर तिने धोतराचा सोगाच फाडून नेला. तेव्हापासून मादप्पा, म्हणजे तो माहूत, दोन्ही पाय हत्तीच्या कानांमागे रोवून दगडासारखा बसून होता.

साठच्या दशकाच्या शेवटी बेंगळुरू शहर बनशंकरीपाशी संपायचं. पुढे रागीची शेतं, केळीच्या बागा आणि लहान लहान खेडी. त्यातल्याच एका खेड्याची ही जत्रा. मी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. निरोप आला तेव्हा एका व्यालेल्या म्हशीची अडकलेली वार काढत होतो. तसाच हात धुऊन जीपमध्ये बसलो.

नर हत्ती अधूनमधून मस्तीत येतो. डोळा आणि कान यांच्या मधल्या जागेतून काळसर चिकट पाणी गळायला लागतं. मग तो कुणाचंच ऐकत नाही, रोज भरवणाऱ्या माणसाचंही नाही. ते पाणी मादप्पाने आधीच पाहिलं होतं आणि मालकाला ‘नको’ म्हणून सांगितलंही होतं. मालक लाकडाचा वखारवाला. देवळाच्या पंचांना शब्द दिलाय म्हणाला, आणि हत्ती पाठवला. शब्द याने दिला आणि जीव टांगणीला लागला मादप्पाचा. मला त्या मालकाचा इतका राग आला होता की तो समोर दिसताच मी तोंड फिरवलं.

हत्ती केळीच्या बागेत उभा होता. पायातली साखळी तुटून लोंबत होती. बागेच्या कुंपणापलीकडे जत्रेचं मैदान होतं, आणि कितीही हाकललं तरी माणसं तिथून हलत नव्हती. आपल्याकडे संकट बघायलाही गर्दी होते. इन्स्पेक्टरने रायफलवाले शिपाई उभे केले होते.

तो मला म्हणाला, “डॉक्टर साब, कुंपण ओलांडलं की मी फायर करणार. मला ऑर्डर आहे.”

“वर माणूस आहे.”

“मैदानात कितने आदमी हैं, देखा आपने?”

त्याचंही खोटं नव्हतं. पण पोलिसांच्या रायफलीने हत्ती एका गोळीत पडत नाही. आधी तो पिसाळतो. मग मादप्पाचं काय झालं असतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. वर बसलेल्या मादप्पालाही.

गुंगीचं औषध माझ्याकडे होतं. परदेशातून नुकतंच आलेलं, भयंकर जालीम. हत्तीला चमचाभरही लागत नाही, आणि त्यातला थेंब माणसाच्या जखमेत गेला तर माणूस श्वास घ्यायचा विसरतो. ते लांबून टोचायला डार्ट असतात. डार्ट म्हणजे उडती सिरिंज. पुढे सुई, मध्ये औषध, मागे बंदुकीच्या दारूचा एक बारीक बार. सुई अंगात घुसली की धक्क्याने बार उडतो आणि औषध आत ढकललं जातं. हे डार्ट मारायची गॅसची बंदूकही आमच्याकडे होती. फक्त तिचा व्हॉल्व्ह गळत होता आणि नवा व्हॉल्व्ह कस्टममध्ये अडकला होता. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ते हेच.

तेव्हा मला शिंदे अण्णा आठवले.

कृष्णाजीराव शिंदे. शहाजीराजांच्या काळापासून बेंगळुरात असलेलं घराणं. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. आपल्या कुत्र्याला घेऊन दवाखान्यात यायचे आणि कुत्र्याच्या पोटाबद्दल कमी, धनुष्यबाणाबद्दल जास्त बोलायचे. अमेरिकेहून मागवलेल्या धनुष्याने ते रानडुकरांची शिकार करत. त्यांचं एकच वेड होतं, बाणाचा वेग. बाण हलका कसा करायचा, दोरी बारीक कशी करायची, पिसं किती कातरायची. मला शिकारी माणसं आवडत नाहीत. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंही होतं. आज मात्र त्यांना आणायला मीच जीप पाठवली. अडला हरी, दुसरं काय?

तोवर गावातल्या सहकारी सोसायटीच्या ऑफिसातून आमच्या खात्याच्या पै साहेबांना फोन लावला.

“धनुष्य? डॉक्टर, हे दवाखान्याचं काम आहे की महाभारत?”

“सर, बंदूक चालत नाही.”

“आणि ते औषध चुकून माहुताला लागलं तर?”

“तर तो मरेल, सर.”

साहेबांनी हत्ती कुठे आहे, माणसं किती आहेत ते विचारून घेतलं. मग म्हणाले, “तुम्ही तिथे आहात, मी नाही. तुम्ही ठरवा.” आमच्या साहेबांची परवानगी द्यायची हीच पद्धत होती.

अण्णा आले. हत्तीकडे, मग मादप्पाकडे बघितलं आणि नेहमीची बडबड विसरले. मी त्यांच्या बाणाचं पातं काढून तिथे डार्ट बसवला. आत औषधाऐवजी पाणी भरलं. देवळामागे मांडवासाठी तोडून आणलेले केळीचे खांब पडले होते, त्यातला एक उभा केला.

अण्णांनी दोरी जबड्यापर्यंत ओढली आणि सोडली. बाण दिसलाच नाही. फक्त खांब हादरला. जवळ जाऊन पाहिलं तर सुईच काय, अख्खी सिरिंज आत गेली होती. नळी चेमटली होती आणि पाणी बाहेर सांडलं होतं.

“बघा वेग!” अण्णा सवयीने म्हणून गेले.

“अण्णा, याने हत्तीला भोक पडेल. औषध आत जाणार नाही. मला याच्यापेक्षा पुष्कळ मंद बाण हवाय. सुई घुसेल, बार उडेल, बास.”

“मंद?” आयुष्यात हा शब्द त्यांच्याकडे कुणी मागितला नव्हता.

“दोरी अर्धीच ओढा.”

त्यांनी अर्धी ओढून मारला. बाण खांबाच्या बाजूने भलतीकडेच गेला. दुसरा मारला, तो वर गेला. कितीतरी वर्षं त्यांचा हात जबड्यापर्यंत येऊनच थांबत आला होता. मध्येच कुठे थांबायचं हे त्या हाताला ठाऊकच नव्हतं. आणि हत्तीच्या बाबतीत ‘वर’ म्हणजे मादप्पा.

“लांबून मारला तर आपोआप मंदावेल ना?” मी विचारलं.

“मंदावेल. पण मग कुठे लागेल ते मी सांगू शकत नाही. अशा औषधाचा बाण मी तसा मारणार नाही.”

एवढ्यात बागेतून कडकड आवाज आला. हत्ती केळी उपटत कुंपणाकडे सरकला होता. इन्स्पेक्टर ओरडला, “डॉक्टर साब, और कितना टाइम?”

अण्णा धनुष्याकडे टक लावून बघत होते. मग हळूच म्हणाले, “स्वल्प थांबा. वेग कुठे कुठे मरतो ते मला ठाऊक आहे की. जन्मभर तेच हुडकत आलोय. दोरी जड केली की बाण मंद होतो. मग धनुष्याचा अर्धा जोर दोरीला पळवण्यातच जातो. काहीतरी जड द्या, दोरीवर गुंडाळायला.”

जत्रेत लायटिंग करणारा इलेक्ट्रिशियन होता. त्याच्याकडे वायरी जोडताना डाग द्यायची शिशाची तार होती. अण्णांनी ती दोरीच्या मध्यावर, बाण लावायच्या जागेच्या वर आणि खाली, घट्ट गुंडाळली. गुंडाळताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू स्वतःच्या घोड्याचे पाय बांधतायत.

“धनुष्याला हे सोसायचं नाही,” ते म्हणाले. “जो जोर बाण नेत नाही तो सगळा लाकडात परत येतो. एखादा-दुसरा बाण निघेल. पुढचं देवाला ठाऊक.”

पुन्हा पूर्ण ओढून मारला. या वेळी बाण जाताना दिसला. सुई बुडापर्यंत खांबात, सिरिंज बाहेर धड. बारही उडाला होता. खांब चिरून पाहिला तर आत पाणी. मला अण्णांना मिठी मारावीशी वाटली.

“सरी, ठीक,” अण्णा म्हणाले. “पण मंद बाण लांब जात नाही, डॉक्टर. मला त्याच्याजवळ जावं लागेल. म्हणजे अगदीच जवळ.”

मी हातमोजे घालून औषध भरलं.  मग आम्ही दोघे वाऱ्याच्या उलट बाजूने बागेत शिरलो. खरं तर मी जायचं कारण नव्हतं. पण माझ्या सांगण्यावरून माणूस हत्तीपुढे जाणार आणि मी कुंपणाआड राहणार, हे मला जमेना.

सोंडेतून सुटणारी हवा ऐकू यायला लागली तरी अण्णा थांबेनात. शेवटी थांबले तेव्हा मला हत्तीच्या पापणीचे केस दिसत होते. हत्तीचं तोंड आमच्याकडे होतं. डार्ट मारायचा तो मागच्या मांडीत, जिथे मांस जाड असतं. समोरून काहीच करता येत नव्हतं. अण्णांनी बाण लावला आणि वाट पाहत उभे राहिले. मला फक्त त्यांच्या कानामागून गळणारा घाम दिसत होता.

मादप्पाने आम्हाला पाहिलं. तो हळू आवाजात हत्तीशी कन्नडमध्ये बोलत होता, लहान मुलाला निजवताना बोलतात तसं. बोलता बोलता त्याने डाव्या पायाच्या अंगठ्याने कानामागे दाबायला सुरुवात केली. सकाळपासून या हत्तीने त्याचा एकही इशारा मानला नव्हता. तरी तो दाबत राहिला. हत्तीने डोकं झटकलं, केळीचा एक घड तुडवला आणि कशाने कोण जाणे, अर्धवट वळला. मागची मांडी आमच्यासमोर आली.

दोन आवाज झाले. एक बाण लागल्याचा धप्प आणि दुसरा आमच्या बाजूचा, कडाड्. अण्णांचं धनुष्य वरच्या टोकापासून मुठीपर्यंत चिरलं होतं. डार्ट हत्तीच्या मांडीत सरळ रोवलेला होता. हत्ती गर्रकन वळला आणि आमच्याकडे आला.

“हलू नका,” अण्णा पुटपुटले. त्यांच्या हातात फुटकं लाकूड, माझ्या हातात औषधाची रिकामी पेटी. आम्ही पळालो असतो तर तो पाठी लागलाच असता. आम्ही उभे राहिलो. काही पावलं येऊन तो थांबला. कान हलवले. पुन्हा एक पाऊल आला. अशी भीती मला त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटली नाही. मग काही मिनिटांनी औषध भिनलं तशी त्याची सोंड हळूहळू सैल होऊन जमिनीवर लोळायला लागली, आणि तो उभ्या उभ्या घोरू लागला.

मादप्पा शेपटाकडून घसरत उतरला. पाय आखडले होते, खालीच बसला. आम्ही दोघांनी धरून उठवलं तर आमचा हात सोडवून तो आधी हत्तीच्या पुढे गेला. सोंड मातीत होती, ती त्याने उचलून आपल्या फाटक्या धोतराने पुसली. मग रडला.  इन्स्पेक्टरने टोपी काढून घाम पुसला आणि शिपायांना रायफली खाली करायला सांगितलं.

हत्तीच्या चारही पायांत नव्या साखळ्या घातल्यावर मी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. तो पूर्ण शुद्धीवर आला. मस्ती उतरेपर्यंत त्याला तिथेच झाडाला बांधून ठेवला. मालक आभार मानायला आला तेव्हा मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अण्णांनी नवं धनुष्य मागवलं नाही. फुटकं मात्र शिशाच्या तारेसकट दिवाणखान्यात टांगून ठेवलं. त्यांच्या धनुष्यबाणाच्या क्लबातली तरुण पोरं शिकारीचे धडे घ्यायला त्यांच्याकडे यायची. एकदा मी तिथे बसलेलो असताना एकाने विचारलं, “अण्णा, शिकारीला बाणाचा वेग किती लागतो?”

पूर्वी या प्रश्नावर ते दोन तास बोलले असते. त्या दिवशी त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि उलट विचारलं, “तू किती जवळ जायला तयार आहेस, ते आधी सांग.”

पोरगा उठून भिंतीवरची शिशाची तार बोटाने चाचपू लागला. अण्णांनी त्याला कॉफी पाजून घरी पाठवलं.