जावेचा खोकला

मला राग पटकन येतो, हे रोह्याच्या आमच्या अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. म्हणूनच बहुधा डॉक्टरांनी खाडीकाठचा सर्व्हे माझ्या गळ्यात मारला. कुष्ठरोगावरचं संशोधन, पैसे परदेशातल्या कुठल्याशा संस्थेचे. रोह्याहून एसटीनं पेणला रामवाडीत उतरायचं, तिथून धरमतरच्या अलीकडच्या एका मिठागरवाल्यांच्या गावात जायचं. अंगावर चट्टा असेल त्याला डोळे मिटायला सांगायचं आणि चट्ट्यावर कापसाचं टोक टेकवायचं. लागलं की त्यानं ‘व्हय’ म्हणायचं. गप्प राहिला तर तिथली जाणीव गेली समजायचं आणि औषध सुरू करायचं.

महिनाभरात गावातले झाडून सगळे चट्टेवाले पास! एकाचाही ‘व्हय’ चुकला नाही. मी म्हटलं, शिबं असतील, गजकर्ण असेल, गाव नशीबवान आहे.

मग पैसे देणाऱ्या संस्थेचे साहेब आमच्या डॉक्टरांना घेऊन काम बघायला आले. त्यांच्यापुढे मी एका बाईला बसवलं. उजव्या हातावर तांबूस चट्टा. मोठ्या जावेबरोबर ती मिठागरात मीठ ओढायची. बोटांवर भाजल्याचे फोड होते. “टोप उचलला चुलीवरचा,” ती हसत म्हणाली, “कळलाच नाय.” मी ते कानाआड केलं. फॉर्मवर तिची जाणीव शाबूत होती ना!

ओटीवर सारा गाव लोटलेला. बाईनं डोळे मिटले. मी कापूस टेकवला. मागे उभी असलेली जाऊ खोकली. “व्हय.” पुन्हा टेकवला, जाऊ खोकली, “व्हय.” साहेब माना डोलावत होते. इतक्यात कापूस माझ्या हातून पडला. मी वाकले, आणि नेमका कुणाच्या तरी विडीचा धूर जावेच्या नाकात गेला. ती तीनदा ठसकली.

“व्हय, व्हय, व्हय,” बाई म्हणाली.

कापूस तेव्हा जमिनीवर होता.

“कोण खोकलं?” मी कडाडले.

“मीच की,” जाऊ म्हणाली. “परीक्षा हाय ना, बाई? आपल्या माणसाला नापास कशी होव देऊ? गावाचा नाव जाल.”

आणि मग एकेक बाहेर पडायला लागलं. कुणासाठी खाकरायचं, कुणासाठी पाय आपटायचा, एका म्हाताऱ्याचा तर नातू सदरा ओढायचा. साहेबांदेखत! खाडीच्या चिखलात गडप व्हावंसं वाटलं मला.

“म्हणजे तुमचे सगळे फॉर्म…” साहेब म्हणाले.

“खोटे,” मी म्हटलं. डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते की बस्स. पण माझं लक्ष त्या फोडांकडे गेलं होतं. मी बाईला ओटीवरून घरात नेलं, सगळ्यांना बाहेर ठेवलं, साहेबांनासुद्धा, आणि दार लावलं. पाच वेळा कापूस टेकवला. बाई डोळे मिटून वाट बघत बसली होती.

“बाई,” ती म्हणाली, “लावा ना आता.”

बाहेर येऊन मी जावेवर तोंड टाकलं. “हात वाकडा झाला असता तिचा तुझ्या खोकल्यापायी!” नको होतं इतकं बोलायला. ती मटकन उंबऱ्यावर बसली. मला अजून वाईट वाटतं.

साहेब मात्र भला माणूस निघाला. पैसे बंद केले नाहीत, उलट मुदत वाढवून दिली. आम्ही गाव पुन्हा तपासलं, बंद दाराआड. आणखी रोगी सापडले, सगळ्यांना गोळ्या सुरू झाल्या.

पुढल्या वर्षी अहवाल आला. जाडजूड, गुळगुळीत, इंग्रजी. गावाला काय कळवायचं, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्याला तरतूद नाही. तरतूद नाही! कातडी त्यांची, चट्टे त्यांचे, आणि निकाल आमच्या कपाटात! मी मराठीत एक पानभर उतरवलं आणि गेले सरळ गावात.

देवळापुढे वाचून दाखवलं. ‘जवळच्या माणसांनी खुणा केल्यामुळे सुरुवातीच्या नोंदी बाद,’ हेही वाचलं. गाव खो-खो हसला.

“माझा नाव हाय त्यात?” जावेनं विचारलं.

“नाव नाही. खोकला आहे.”

तेवढ्यात वर्षभर गोळ्या घेतलेली तिची धाकटी जाऊ पुढे आली. हात पुढे केला, डोळे मिटले. “लावा, बाई. सगल्यांसमोर लावा.”

मोठ्या जावेनं दोन्ही हातांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी कापूस टेकवला. कुणी हूं की चूं करेना. मला वाटलं, जाणीव काही परत आली नाही.

“व्हय,” ती म्हणाली. आणि दुसऱ्या हाताचं बोट बरोब्बर तिथं ठेवलं. “इथं.”

जावेनं पदर ओढून काढला. “मी नाय खोकले, बाई! देवाशपथ, मी नाय खोकले!” ती ओरडली आणि रडायलाच लागली.