फरशांची पंगत

आमच्या जाऊबाईंसारखी पंगत बसवणारी बाई अख्ख्या मराठवाड्यात दुसरी झाली नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. लोक म्हणतील, पंगत बसवायला असं काय लागतं? पट्ट्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या, बसा म्हटलं, झालं. ज्यांना असं वाटतं त्यांनी आमच्या नात्यातलं एखादं लग्न जाऊबाईंशिवाय उरकून बघावं. जाऊबाई जेवणाच्या दालनाच्या दाराशी पदर खोचून उभ्या राहायच्या. आलेल्या माणसाकडं एकदा बघायच्या आणि नुसतं बोट दाखवायच्या. "मामा, तुम्ही तिथं खांबाजवळ." "वन्सं, तुम्ही हिकडं, पंख्याखाली." माणसं निमूट जाऊन बसायची. कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, कुणाच्या बांधाचा मामला चालू आहे, कुणाला दोनदा आग्रह लागतो आणि कुणाला शेजाऱ्याच्या पानात डोकावल्याशिवाय घास उतरत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात नीट घडी घालून ठेवलेलं असायचं. एकदा दोन विहिणी, मानाच्या साडीवरून रुसलेल्या, एकाच वेळी दारात आल्या. जाऊबाईंनी दोघींना शेजारीच बसवलं, फक्त मधे आमच्या बहिऱ्या आत्येसासूबाईंना आणून टेकवलं. मी हळूच विचारलं, "बाई, हे काय केलं?" त्या म्हणाल्या, "मधी बहिरं माणूस ठेवलं की टोमणा तिथंच जिरतो."

पंगतीचं त्यांचं एक शास्त्रच होतं. ते त्यांनी मला भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. "भांडलेल्यांना समोरासमोर बसवायचं नाय, शोभा. एका ओळीत बसवायचं. समोर बसला की माणूस तोंड बघतो, शेजारी बसला की ताट बघतो. ताट बघून कुणाला राग येत नाय." मी विचारलं, "मग समोरासमोर कुणाला बसवायचं?" त्या म्हणाल्या, "ज्यांचं जमतं त्यांना. पण असे दोघं घावतात कुठं?"

ही सवय लग्नापुरती राहिली असती तर गोष्ट वेगळी. जाऊबाई सगळ्या जगालाच जागा देत असतात. त्यांच्या मसाल्याच्या डब्यात मोहरी आणि जिरं कधीही शेजारी नसतं. दोघं दिसायला गरीब, पण एकदा मिसळले की निवडता निवडता दिवस जातो, असं त्यांचं म्हणणं. दाराशी चपला अशा लावतात की आधी जाणाऱ्याची चप्पल पुढं. एकदा आम्ही दोघी चिकलठाण्याला बारशाला निघालो होतो. शेअर रिक्षा खच्चून भरलेली, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत. जाऊबाईंनी दोन चौक दम काढला, मग रिक्षा थांबवायला लावली आणि सगळ्यांना खाली उतरवलं. जाड माणूस कडेला, लेकुरवाळी मधे, कॉलेजची दोन पोरं एकमेकांपासून लांब, अशी फेरमांडणी केली. खरंच, सगळे ऐसपैस बसले. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "अम्मा, अब हँडल भी तुमीच पकडो." जाऊबाई म्हणाल्या, "तू बराबर बसलाय, तुला कशाला उठवू?"

अशा बाईच्या हातून आयुष्यात एकच पंगत मोडली, आणि ती नेमकी आमच्या ज्योतीच्या लग्नातली. ज्योती माझी लेक. व्याह्यांची मानाची पंगत बसायची वेळ झाली आणि ज्योतीला आत रडू कोसळलं. ती मोठ्या आईशिवाय कुणाला जवळ येऊ देईना. मोठी आई म्हणजे जाऊबाईच. त्या आत गेल्या, आणि दार उघडं पडलं. मोठे भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे मालक, व्याह्यांच्या शेजारी बसायला वाकले होते. एक पान कमी पडत होतं. आमचे हे गडबडीत सगळ्यांदेखत म्हणून गेले, "दादा, तुम्ही घरचेच, तुम्ही मागच्या पंगतीला बसा." ह्यांच्या मनात काही नव्हतं. पण थोरला भाऊ, बापाच्या मागं घर सांभाळलेला, नव्या व्याह्यांसमोर असा अर्धा वाकलेला सरळ झाला. भाऊजींनी टोपी नीट केली आणि जेवल्याशिवाय खुलताबादच्या शेतावर निघून गेले. जाऊबाई बाहेर आल्या तेव्हा पंगत निम्मी जेवली होती. त्यांनी एकदा ओळीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "आमचे कुठंयत?"

तेव्हापासून दोन्ही भावांचं बोलणं बंद. गारखेड्यात आमचं घर एकच, खाली ते, वर आम्ही, जिना एक, पाण्याची टाकी एक. आम्हा जावांच्या वाट्या खालीवर होत राहिल्या, पण भाऊ एकमेकांशी बोलायचे ते भिंतीशी बोलल्यासारखे. नळाच्या दिवशी टाकी भरून वाहायला लागली की भाऊजी अंगणात उभे राहून लिंबाच्या झाडाला सांगायचे, "कुणीतरी मोटार बंद करा." वरून हे आभाळाकडं बघून म्हणायचे, "कळलं." शेतातली सीताफळं निघाली की आमच्या दाराशी टोपली यायची, पण कुणी ठेवली हे टोपलीलाच माहीत. ह्यांना चूक कळली होती. रात्री जेवताना मधेच म्हणायचे, "दादाला आधी बसवायला पाहिजे होतं." मी म्हणायची, जाऊन सांगा की. तर म्हणायचे, "आता काय तोंडानं सांगू?" जाऊबाई कुणालाच बोल लावत नव्हत्या. एवढंच म्हणायच्या, "माझी पंगत मोडली."

गेल्या दिवाळीला ज्योती पुण्याहून आली ती एक खेळ घेऊन. जाड पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे, बिस्किटाएवढे. कुणावर गावाच्या तटाचा भाग, कुणावर रस्ता, कुणावर हिरवं शेत. पिशवीतून न बघता एक तुकडा काढायचा आणि आधी मांडलेल्यांना असा जोडायचा की रस्त्याला रस्ता, शेताला शेत, तटाला तट भिडला पाहिजे. आपला लाकडी माणूस ठेवला की ते गाव किंवा तो रस्ता आपला. तट चहूबाजूंनी किंवा रस्ता दोन्ही टोकांना पुरा झाला की गुण मिळतात आणि माणूस परत हातात येतो. जाऊबाई चकल्यांचा डबा द्यायला वर आल्या होत्या. त्या उभ्या होत्या तशा खाली बसल्या. "ह्या फरशा कोण कुणाशेजारी बसवायच्या, हाच खेळ हाय व्हय?" त्यांनी विचारलं. ज्योती हो म्हणाली, आणि जाऊबाईंचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्या जुन्या लग्नसराया आठवल्या.

शिकवणाऱ्याची परीक्षा बघावी तर जाऊबाईंनी. पहिली हरकत पिशवीवर. "न बघता कसं काढायचं? पाव्हणा बघून जागा देत असतात." दुसरी हरकत शेतातल्या माणसावर. नियम असा, की शेतात ठेवलेला माणूस आडवा झोपवायचा आणि खेळ संपेपर्यंत उचलायचा नाही. जाऊबाईंना ते बघवेना. "सगळे घरी आले, अन् हा एकटा रानात उताणा. जेवला का कुणी विचारलं त्याला?" ज्योतीचं लक्ष नसलं की त्या माणसाला उचलून गावात बसवायच्या. प्रत्येक फरशी चारी बाजूंनी फिरवून तिला विचारायच्या, "तुझं कुणाशी जमतं गं?" रंग जुळला तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. दोन तट अगदी भिडत होते, तरी म्हणाल्या, "नको, दोन्हीकडचे पाटील तापट दिसतात, मधी शेत राहू दे." आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्या यजमानासारख्या खेळायच्या. आपलं गाव अर्धं टाकून ज्योतीचं गाव पुरं करून द्यायच्या. ज्योती कपाळाला हात लावायची. "मोठी आई, गुण मला मिळाले ना! तू हरलीस."

"हरली तर हरली. कुणी उपाशी तर उठलं नाय?"

त्या दिवाळीभर रोज दुपारी हरल्या. तरी शिकत राहिल्या. मला वाटलं, विरंगुळा आहे. मग एका दुपारी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "किती जणांचा खेळ हा?" ज्योती म्हणाली, "चौघं असली की रंगतो." जाऊबाई उठल्या. खाली जाऊन त्यांनी बैठकीत चौकोनी सतरंजी अंथरली आणि दारात उभं राहून तिच्याकडं बघत राहिल्या. ती नजर मी ओळखते. मंगल कार्यालयाच्या दारातली नजर होती ती.

दुसऱ्या दिवशी ज्योती परत जायची होती. जाऊबाईंनी भाऊजींना सांगितलं, "पोरीला एक गडी कमी पडतोय." भाऊजी म्हणाले, "मला नाय जमत पोरखेळ." त्या म्हणाल्या, "पोरगी संध्याकाळी जाणार." भाऊजी येऊन बसले. मग जाऊबाईंनी जिन्याच्या तळाशी उभं राहून तेच वाक्य वरच्या मजल्याला सांगितलं. हे खाली उतरले, बैठकीत भाऊजी दिसले, तशी ह्यांची पावलं वळली. जाऊबाई लग्न होऊन आल्या तेव्हा हे शाळेत जायचे, त्यामुळं त्या ह्यांना नावानंच हाक मारतात. "सुभाष, चप्पल काढलीस ना? मग बस." आणि बोट दाखवलं. कुठं, तर भाऊजींच्या शेजारी, सतरंजीच्या त्याच कडेला. दोघांच्या समोर ज्योती. मान वर केली तरी दोघांना ज्योतीच दिसावी. उजवीकडं स्वतः जाऊबाई. डावीकडची बाजू रिकामी. मला वाटलं, चहाच्या ट्रेसाठी ठेवली असेल. मी चहा घेऊन दारातच उभी राहिले, पुढं जायचा मला धीर होईना.

खेळ सुरू झाला. बोलायची फक्त ज्योती. दोघं भाऊ खरोखर एकमेकांकडं बघत नव्हते, फरशांकडं बघत होते. हळूहळू भाऊजी पुढं सरकले. त्यांनी एक मोठं गाव मांडत आणलं, तट सगळीकडून लागला, एकच कोपरा उघडा राहिला. पिशवीत चारदोनच फरशा उरल्या होत्या. भाऊजी सारखे त्या पिशवीकडं बघत होते. ह्यांची पाळी आली. ह्यांनी पिशवीत हात घातला आणि नेमकी तीच फरशी निघाली, एका कोपऱ्याला तट आणि खालून रस्ता. तिला दोन जागा होत्या. ह्यांचा स्वतःचा लांबलचक रस्ता तिनं पुरा होत होता आणि हे जिंकत होते. किंवा भाऊजींचं गाव पुरं होत होतं. मी जाऊबाईंकडं बघितलं. आयुष्यभर सगळ्यांना जागा दाखवत आलेली बाई हात मांडीत घेऊन गप्प बसली होती. त्या दिवशी त्यांनी बोट दाखवलं नाही.

ह्यांनी फरशी फिरवली. परत फिरवली. मग भाऊजींच्या गावाला लावली आणि खालमानेनंच म्हणाले, "आधी तुमचं, दादा."

भाऊजींनी आपला लाकडी माणूस उचलला, मुठीत धरला. ह्यांनी लावलेली फरशी जराशी तिरकी बसली होती, ती एका बोटानं सरळ केली. तेवढ्यात वरून पाणी पडायचा आवाज आला. नळाचा दिवस होता, टाकी भरून वाहत होती. भाऊजींनी ना भिंतीकडं बघितलं ना लिंबाकडं. शेजारी मान वळवून म्हणाले, "सुभाष, मोटार चालूच हाय तुझी."

"बंद करतो, दादा," म्हणून हे वर गेले, आणि मोटार बंद करायला लागतो त्यापेक्षा पुष्कळ वेळानं, तोंड धुऊन खाली आले. जाऊबाईंचं चहाकडं लक्ष गेलं. "अगं शोभा, थंड केलास की सगळा!" एवढंच म्हणाल्या. त्या डावातही त्या शेवटच्याच आल्या. मला मात्र त्या दिवशी असं वाटलं, की गच्चीवर जाऊन सगळ्या गारखेड्याला ओरडून सांगावं, ही माझी जाऊ आहे म्हणून. मी कधी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

आता लग्नांत पंगती राहिल्या नाहीत. लोक हातात ताट घेऊन उभ्या उभ्या जेवतात, कुणीही कुणाशेजारी. जाऊबाईंना दाराशी उभं राहा असं कुणी म्हणत नाही. मागच्या महिन्यात एका लग्नात त्या खुर्चीवर बसून गर्दीकडं बघत होत्या आणि त्यांचं बोट मांडीवरच हलत होतं. इकडं जरा, तिकडं जरा, असं. मी ते बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं.

खेळ मात्र ज्योती जाताना इथंच ठेवून गेली. ती निघून गेली त्याच्या दुसऱ्या दुपारी भाऊजींनी अंगणातून हाक मारली, "सुभाष, येतोस का?" हे गेले. मागोमाग चहा घेऊन मीही गेले आणि सवयीनं दारात उभी राहिले. सतरंजीवर दोघं भाऊ एका कडेला बसले होते. उजवीकडं जाऊबाई. त्यांच्या समोरची बाजू त्या दिवशीसारखीच रिकामी होती. मी तिथं ट्रे ठेवायला वाकले, तर जाऊबाईंनी ट्रे माझ्या हातातून घेतला, बाजूला सारला, आणि आपल्या समोरच्या त्या रिकाम्या जागेकडं बोट दाखवलं.