कृपया उत्तर पाठवू नये

पुण्यात मी कर्ज देणाऱ्या एका कंपनीत पत्रं लिहायचं काम करते. पत्रं म्हणजे ईमेल. पण ईमेल म्हटलं की रेवदंड्याला आई नुसतं 'हं' करायची, म्हणून तिच्यापुरती ती पत्रं. अर्जदारांना काय लिहायचं याचे आमचे नियम कडक. मंजुरी होईस्तोवर आशा लावायची नाही. कागद कमी असेल तर नेमका कोणता, ते सांगायचं. पत्र अर्जदाराच्याच पत्त्यावर पाठवायचं, मुलाबाळांच्या नाही. आणि शेवटी, 'कृपया या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.' ही ओळ माझी. 'पाठवू नका' उद्धट वाटतं म्हणून मीच 'पाठवू नये' केलं होतं, आणि त्याचं मला भारी कौतुक होतं.

सुकी मासळी ठेवायला शेड हवी म्हणून आईने आमच्याच कंपनीच्या अलिबाग शाखेत अर्ज केला, मला न विचारता. शाखेतल्या मुलीने तिला स्वतःचा ईमेल काढून दिला, बोललं की अक्षरं उमटतात तेही दाखवलं. मला हायसं वाटलं. आता कागदांसाठी तिचे फोन येणार नाहीत.

ते आले नाहीतच, पण दुसरेही येईनात. संध्याकाळी तिचा आवाज इतका हवासा वाटायचा की मी फोन हातात घेऊन बसायचे. मग तिलाच गरज नाही तर मी का करू, असं म्हणून फुगून ठेवून द्यायचे. असे कितीतरी महिने गेले.

शेवटी न राहवून मी रेवदंड्याला गेले. शेड बांधून झाली होती. बोंबलांच्या ढिगाशेजारी बसल्या बसल्या आई म्हणाली, "गो बाय, पत्रात मला ग्राहक कशाला लिवतेस? आय लिवायला लाज वाटते?"

"आई, ती पत्रं मशीन पाठवतं."

"तूच बोललीस ना, पत्रं मी लिवते म्हून? मी तं सगल्यांना उत्तर दिलंय."

तिने फोन माझ्या हातात दिला. कागद अपुरा असल्याच्या पत्राला तिचं उत्तर होतं, 'कागद देते. तू जेवलीस का?' अर्ज विचाराधीन असल्याच्या पत्राला, 'बरं. खोकला गेला का? डोक्याला तेल लाव.' प्रत्येकाखाली मशीनने तत्काळ कळवलं होतं, कृपया या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.

"हे वाचूनही लिहीत राहिलीस?" मी विचारलं.

"मला वाटलं, तुजा साहेब रागावत असंल. म्हून मंग थोडक्यात लिवलं."

मंजुरीच्या पत्राला दिलेलं उत्तर सगळ्यात शेवटचं होतं. त्यात एकच अक्षर होतं, 'ये.' त्याच्याखालीही माझी ओळ होती.