कांबळेचा डोळा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. ज्याला सांगायला हवं होतं — त्याला तर नाहीच.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. परळच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं केमिस्ट. मी गिरगावातला, कांबळे डिलाईल रोडच्या चाळीतला. एका मुळीच्या अर्कातून औषधी द्रव्य वेगळं काढायचं काम माझ्याकडे होतं. काचेची उभी नळी, तिच्यात पांढरी भुकटी ठासलेली. वरून अर्क सोडायचा, मग द्रावक. एकेक द्रव्य आपापल्या वेगानं खाली उतरतं, रंगांचे पट्टे सुटे होतात. माझे कधी सुटलेच नाहीत. नुसता पिवळा चिखल.

त्या दिवशी कांबळेनं द्रावक बदलून पाहिला. नळीत दोन स्वच्छ पट्टे — एक पिवळा, एक केशरी! साहेब म्हणाले, "कांबळे, आता हे तूच बघ. हा तुझ्या हाताखाली राहील."

ह्याच्या हाताखाली? मी? — अगदी हेच मनात आलं. का आलं, ते तुम्हाला कळलंच असेल.

बाहेर मोर्च्यावर लाठ्या चालल्या होत्या. दगड उडत होते. एक दगड खिडकीची काच फोडून माझ्या पायाशी पडला. साहेब खाली पळाले. कांबळे मात्र नळीला डोळा लावून बसलेला. त्याला खाली ओढायला हवं होतं ना? मी दगड उचलला — आणि फेकला.

नळी त्याच्या तोंडावर फुटली. किंचाळत तो जमिनीवर लोळला. बोटांमधून रक्त वाहत होतं.

लाठ्या चुकवायला आमच्या फाटकात शिरलेल्या एका गिरणी कामगाराला पोलिसांनी फरफटत वर आणलं.

"दगड मारणारा हाच का?"

"हाच," मी म्हणालो.

त्याला माझ्यासमोर तुडवलं. हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. "मी नाय ओ! तुमी सांगा ना त्यांना!" — माझ्याकडे बघून तो ओरडत होता. त्याचं नावसुद्धा मी कधी विचारलं नाही.

कांबळेचा उजवा डोळा गेला. त्याला इस्पितळात मीच नेलं होतं; तिथे माझा हात धरून म्हणाला, "तू होतास म्हणून वाचलो रे." मरेपर्यंत तेच म्हणत राहिला. त्याचं काम माझ्याकडे आलं. पुढे बढतीही.

मला फक्त नळी फोडायची होती — असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. मी त्याच्या तोंडावरच नेम धरला होता.